अँटोनिओ गेट्स : महाविद्यालयात फुटबॉल न खेळलेल्या टाइट एंडची कारकीर्द

किनारपट्टी :

२ ऑगस्ट २०२५ रोजी ओहायो राज्यातल्या कँटन या गावी अँटोनिओ गेट्स व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान दालनात, दाखल झाला. मी २००१ पासून सॅन डिएगोत राहतो आणि त्याच्या सोळा हंगामांतले बरेचसे सामने कधी मैदानावर, कधी घरी दूरचित्रवाणीसमोर बसून पाहिले आहेत, त्यामुळे हे लेखन तटस्थ आहे असा आव आणणार नाही. मात्र चर्चेचा हा धागा काढण्यामागे केवळ जिव्हाळा नाही. गेट्सविषयी जिथेतिथे एकच वाक्य वाचायला मिळते, ते म्हणजे महाविद्यालयात एकही फुटबॉल सामना न खेळता त्याने एवढी मजल मारली. यातला 'न खेळता' मला खटकतो. मोठी उणीव असूनही तो मोठा झाला, असा त्याचा अर्थ होतो. माझे मत नेमके उलट आहे. ती वर्षे त्याने बास्केटबॉलच्या फळ्याखाली काढली म्हणूनच त्याच्या नावावर ११६ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याचे किंवा तिथे झेलण्याचे यश) जमा झाली, आणि टाइट एंडच्या जागेवर खेळणाऱ्या कुणालाही आजवर तो आकडा गाठता आलेला नाही.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी या जागेविषयी थोडे सांगतो. चेंडू खेळात येताना आक्रमण करणाऱ्या संघाचे निदान सात खेळाडू रेषेवर उभे असावे लागतात. त्यातल्या मधल्या पाच जणांचे काम प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचे. एरवी त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. या पाचांच्या कडेला, त्यांतल्या टोकाच्या खेळाडूच्या, म्हणजे टॅकलच्या, खांद्याला खांदा भिडवून जो उभा राहतो तो टाइट एंड. तो रांगेच्या टोकाला असतो म्हणून नियमाने त्याला पास झेलण्याची मुभा मिळते, आणि रांगेला चिकटून असतो म्हणून अडवण्याच्या कामातूनही त्याची सुटका होत नाही. एका चालीत सव्वाशे किलोच्या बचावपटूला छातीवर घ्यायचे, आणि पुढच्या चालीत त्यालाच हुलकावणी देऊन पंधरा यार्ड पळायचे व मागे वळून चेंडू झेलायचा, असा हा दुहेरी धंदा आहे. हमाली रोजची, मिरवणूक कधीतरी.

गेट्सचा जन्म १९८० सालचा, डेट्रॉइटचा. शाळेत तो दोन्ही खेळ खेळला, आणि १९९८ मध्ये त्याच्या डेट्रॉइट सेंट्रल शाळेने मिशिगन राज्याचे बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवले. मिशिगन स्टेट विद्यापीठाने त्याला फुटबॉलसाठी घेतले तेव्हा तिथे निक सेबन प्रशिक्षक होते. गेट्सला दोन्ही खेळ खेळायचे होते, सेबन यांना तो फक्त फुटबॉलसाठी हवा होता, आणि या ओढाताणीत त्याने ते विद्यापीठ सोडले. मग ईस्टर्न मिशिगन, पुढे कॅलिफोर्नियातले कॉलेज ऑफ द सेक्वोयाज अशी भटकंती करून तो अखेर ओहायोतल्या केंट स्टेटमध्ये स्थिरावला. (केंटहून कँटनला मोटारीने जायला तासभरही लागत नाही, गेट्सला मात्र त्यासाठी बावीस वर्षे लागली.)

केंट स्टेटच्या २००१-०२ च्या बास्केटबॉल संघाने ३० सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमा स्टेट, अलाबामा आणि पिट्सबर्ग अशा नामवंत संघांना हरवून शेवटच्या आठात धडक मारली, तिथे इंडियानाने त्यांची वाटचाल थांबवली. त्या संघाचा आधारस्तंभ गेट्स होता. पुढच्या हंगामात त्याने सामन्यामागे वीसहून अधिक गुण मिळवले, तरीही व्यावसायिक बास्केटबॉलवाल्यांना तो नकोच होता, कारण सहा फूट चार इंच ही उंची तिथे आतल्या जागेवर खेळायला तोकडी पडते आणि बाहेरून खेळणाऱ्या गार्डचे कसब त्याच्याकडे नव्हते. ना घरचा ना घाटचा, अशी ती स्थिती होती. तेव्हा त्याने फुटबॉलकडे मोर्चा वळवला. एप्रिल २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या सोहळ्यात, सातही फेऱ्यांत कुणी त्याचे नाव घेतले नाही, परंतु सॅन डिएगोच्या चार्जर्स संघाचे टाइट एंडचे प्रशिक्षक टिम ब्रूस्टर यांनी त्याला हेरून ठेवले होते, आणि ड्राफ्ट आटोपल्यावर सॅन डिएगोने त्याला करारबद्ध केले. पहिल्या हंगामात २४ झेल आणि २ टचडाउन. दुसऱ्या हंगामात ८१ झेल, त्यांवर ९६४ यार्डांची आगेकूच आणि १३ टचडाउन, म्हणजे एका हंगामापुरता टाइट एंडचा त्या वेळचा सर्वोच्च आकडा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझा मुलगा शाळेत बास्केटबॉल खेळत असे तेव्हा त्यांचे प्रशिक्षक एक गोष्ट मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगत, ती अशी की चेंडू फळ्यावर आपटला की वर पाहू नका, आधी शेजारचा गडी शोधा, त्याला पाठ लावा, मग चेंडूचे बघा. याला बॉक्स आउट म्हणतात. उडी कुणाची उंच जाते याला तिथे फारसे महत्त्व नसते. चेंडू जिथे उतरणार ती हातभर जागा कोण अडवून धरतो, यावर सगळे ठरते. गेट्सची एंड झोनमधली, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यातली, टचडाउन संथगतीने पाहिली तर हेच दिसते. गोलरेषेजवळ पळायला मैदान उरलेले नसते, त्यामुळे वेगाचा उपयोग संपतो. अशा वेळी तो चार पावले जाऊन थांबतो आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे तोंड करून सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागे राखण करणाऱ्या बचावपटूला, पाठीशी घेतो. सेफ्टी उजवीकडून रेटत आहे की डावीकडून, हे त्याला कमरेला लागणाऱ्या दाबावरूनच कळते, मागे पाहावे लागत नाही. ज्या बाजूने दाब येतो तिकडे तो पाठीची भिंत उभी करतो आणि हात विरुद्ध बाजूला काढतो, आणि चेंडू तिथेच येतो. बचावपटू अर्ध्या फुटावर असूनही चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला गेट्सच्या आरपार जावे लागते, आणि तसे गेले की दंड होतो.

८ जानेवारी २००५ चा बाद फेरीचा सामना अनेकांच्या स्मरणात असेल. न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध चार्जर्स सात गुणांनी मागे होते आणि अखेरचे काही क्षण उरले होते. चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात आमचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ याचा पास वाया गेला आणि सामना संपल्यातच जमा झाला, पण चेंडू सुटल्यानंतर ब्रीझच्या डोक्याला धक्का दिल्याबद्दल जेट्सच्या एरिक बार्टनला दंड झाला आणि चार्जर्सना नवी संधी मिळाली. गोलरेषेजवळून पुढचा पास थेट गेट्सकडे गेला. अकरा सेकंद शिल्लक असताना बरोबरी झाली. जादा वेळेत आमच्या नवख्या किकरची गुणांसाठी मारलेली ४० यार्डांवरची किक हुकली आणि सामना २०-१७ असा गेला, तो भाग वेगळा; परंतु पहिला व्यावसायिक सामना खेळून दोन वर्षेही न झालेल्या या माणसावर संघाने निर्वाणीच्या क्षणी भिस्त ठेवली, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट जाणवले.

इतरांची मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

अर्धविराम :

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. शाळेत तो फुटबॉल खेळला होता असे आपणच लिहिले आहे. मग तो या खेळाला अगदीच नवखा होता असे नाही. शिवाय बास्केटबॉलमुळे जागा अडवायला शिकला हे मान्य केले तरी धावण्याचे मार्ग, बचावाची रचना ओळखणे, क्वार्टरबॅकशी ताळमेळ या गोष्टी फळ्याखाली शिकता येत नाहीत. त्या त्याने केव्हा आणि कशा आत्मसात केल्या?

किनारपट्टी :

शंका रास्त आहे. चेंडू आणि हेल्मेट त्याला अनोळखी नव्हते, तुटलेली होती ती मधली चार-पाच वर्षे, आणि साधारणपणे खेळाडू घडतो तो त्याच वर्षांत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या हुकमी मार्गात सापडते. टाइट एंडला दिल्या जाणाऱ्या मार्गांपैकी एकाला ऑप्शन रूट म्हणतात. त्यात दहाएक यार्ड पळून जायचे, आणि पुढे आत वळायचे, बाहेर वळायचे की जागेवर थांबायचे हे आधी ठरलेले नसते. समोरचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा असणारा खेळाडू, आतल्या बाजूला झुकला असेल तर बाहेर वळायचे, बाहेर झुकला असेल तर आत. मात्र हा निर्णय पळणारा आणि फेकणारा या दोघांनी त्याच क्षणी, एकमेकांशी न बोलता आणि एकसारखाच घ्यायचा असतो, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. बास्केटबॉलमध्ये समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे पाहून दुसऱ्या बाजूने निघणे ही रोजची गोष्ट असते, त्यामुळे या मार्गाचा पूर्वार्ध त्याच्या अंगात होताच. उत्तरार्ध मात्र सरावानेच आला. ब्रीझ २००६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर फिलिप रिव्हर्सबरोबर त्याची तेरा हंगाम जोडी जमली आणि या दोघांनी मिळून ८९ टचडाउन केली. त्याआधी कोणत्याही क्वार्टरबॅक आणि टाइट एंड यांच्या जोडीला ते जमले नव्हते.

तिसरा पंच :

आपण विरोधी मत मागितले आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो. गेट्स उत्तम खेळाडू होता यात वाद नाही, परंतु या धाग्याचा सूर त्याला या जागेवरचा सर्वश्रेष्ठ ठरवण्याकडे झुकलेला दिसतो आणि त्याला आकड्यांचा आधार नाही. याच जागेवर खेळलेल्या टोनी गोन्झालेझने २७० सामन्यांत १,३२५ झेल आणि १५,१२७ यार्ड मिळवले. गेट्सचे २३६ सामन्यांत ९५५ झेल आणि ११,८४१ यार्ड आहेत. ट्रॅव्हिस केल्सी या टाइट एंडनेही झेल आणि यार्ड या दोन्ही बाबतींत गेट्सला मागे टाकले आहे. राहिला प्रश्न टचडाउनचा. तिथेही रॉब ग्रोन्काउस्की या टाइट एंडने अवघ्या १४३ सामन्यांत ९२ टचडाउन केली, म्हणजे तीन सामन्यांमागे जवळजवळ दोन. गेट्सचे प्रमाण दोन सामन्यांमागे एक असे पडते. गेट्सचा एका हंगामातला १३ टचडाउनचा विक्रमही पुढे २०११ मध्ये ग्रोन्काउस्कीने १७ टचडाउन करून कितीतरी मागे टाकला. ग्रोन्काउस्की तर बास्केटबॉलच्या नव्हे, फुटबॉलच्याच तालमीत घडला, तेव्हा आपला मूळ सिद्धांतही इथे डळमळतो.

दुसरे म्हणजे आपणच सांगितलेली हमाली. ग्रोन्काउस्की अडवण्याच्या कामात जवळजवळ सहाव्या रांगपटूसारखा होता. गेट्सविषयी त्याचे चाहतेही असे म्हणणार नाहीत. अखेरच्या वर्षांत तर पास न फेकता चेंडू घेऊन धावण्याच्या चालींसाठी दुसऱ्याच टाइट एंडला पाठवले जाई.

तिसरे, २०१५ मध्ये बंदी असलेल्या उत्तेजक द्रव्यांविषयीच्या नियमाचा भंग केल्याबद्दल त्याला पहिल्या चार सामन्यांतून निलंबित करण्यात आले. त्याने जबाबदारी स्वीकारली हे खरे, परंतु त्याच्या कारकिर्दीवर सविस्तर धागा काढताना याचा उल्लेखच नसावा, हे योग्य नाही. आणि सोळा वर्षांत एकदाही सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचता आले नाही, हेही नोंदवायला हवे.

मिशन व्हॅली :

मी सॅन डिएगोला १९७९ साली आलो, म्हणजे आपल्यापेक्षा बराच आधी, म्हणून एक जुना धागा जोडतो. टाइट एंडला रांगेतून सोडवून मैदानभर फिरवण्याची कल्पना याच शहरात रुजली. डॉन कॉरिएल हे चार्जर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक टाइट एंड केलेन विन्स्लोला कधी रांगेत, कधी रांगेपासून दूर, कधी चाल सुरू होण्याआधी इकडून तिकडे सरकवत उभा करत, कारण एवढ्या आडदांड माणसाच्या मागे धावायचे कुणी, लाइनबॅकरने की सेफ्टीने, हा प्रश्न त्यांना प्रतिस्पर्ध्याला घालायचा होता. २ जानेवारी १९८२ ला मायामीत झालेला सामना मी घरातल्या छोट्या संचावर पाहिला. विन्स्लोने १३ झेलांत १६६ यार्ड मिळवले, वर बरोबरी असताना अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याची किक हाताने अडवली, आणि जादा वेळेत ४१-३८ असा विजय मिळाल्यावर दोन सहकाऱ्यांनी त्याला अक्षरशः उचलून बाहेर नेले. आठवडाभराने गोठवणाऱ्या थंडीत सिनसिनाटीला जाऊन संघ हरला. जिंकण्यासारखे सामने जिंकून नेमका पुढचा हरायचा, ही आमच्या संघाची रीत तेव्हापासूनची आहे.

त्यामुळे सुपर बोलचा हिशेब एकट्या गेट्सच्या खात्यात मांडू नये, अशी तिसरा पंच यांना विनंती आहे. २००६ च्या हंगामात संघाने १४ सामने जिंकले आणि दोनच हरले. बाद फेरीत न्यू इंग्लंडविरुद्ध चौथ्या प्रयत्नात टॉम ब्रेडीचा पास आमच्या मार्लन मॅक्रीने मध्येच पकडला. तिथे तो नुसता खाली बसला असता तरी चालले असते; तो पळायला गेला, चेंडू हातातून निसटला, आणि सामना २४-२१ असा गेला. २००९ मध्ये १३ विजयांनंतर जेट्सविरुद्ध तीन किक हुकल्या आणि तीनच गुणांनी पराभव झाला. या दोन्हींत टाइट एंडने काय करायचे होते?

टाच आणि चवडा :

मी भौतिकोपचाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे या कारकिर्दीचा अर्धा भाग मला पायांच्या दुखापतींतच दिसतो, आणि त्याचा इथे अजून कुणी उल्लेख केलेला नाही.

जानेवारी २००८ मध्ये टेनेसीविरुद्धच्या सामन्यात गेट्सच्या डाव्या पायाचा अंगठा सांध्यातून निखळला. दोन आठवड्यांनी न्यू इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो त्याच पायाने उतरला. त्याच सामन्यात रिव्हर्सही गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेल्या अवस्थेत खेळत होता. सामना २१-१२ असा गेला, आणि त्यानंतर गेट्सच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली. अंगठा ही किरकोळ गोष्ट वाटते, पण उभे राहून टाच उचलून पाहावी, म्हणजे शरीराचा सगळा भार पुढे ढकलताना शेवटचा रेटा कुठून दिला जातो हे लक्षात येईल. रिसीव्हरला, म्हणजे मुख्यतः पास झेलणाऱ्या खेळाडूला, पळताना तो रेटा लागतो. टाइट एंडला पळताना तर लागतोच, शिवाय समोरच्या धिप्पाड माणसाला मागे सारताना तो चवड्यांवर उभा असतो.

२०१० मध्ये तळपायाचा प्लांटर फॅशिया फाटला. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला हा जाड पट्टा आहे. पाऊल उचलताना अंगठा मागे वळतो तेव्हा तो दोरीसारखा ताणला जातो आणि पायाची कमान टिकवतो. तो फाटला की प्रत्येक पावलाला टाचेत सुरी खुपसल्यासारखे वाटते, आणि विश्रांतीवाचून त्यावर फारसा इलाज नसतो. माझ्याकडे येणारे रुग्ण सकाळी अंथरुणातून उठून स्वयंपाकघरापर्यंत जायलाही कचरतात, आणि त्यांचा पट्टा बहुतेकदा फाटलेलाही नसतो, नुसता सुजलेला असतो. गेट्स त्या हंगामात दहाच सामने खेळला आणि त्या दहा सामन्यांत त्याने दहा टचडाउन केली. तिसरा पंच यांनी प्रमाणाचा मुद्दा काढला आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद करते. अडवण्याच्या कामात तो पुढे कमी पडू लागला, त्याच्या कारणांत मी तरी हे तळपाय अग्रभागी ठेवीन.

हिशेबनीस :

पैशांविषयी थोडे, कारण या जागेच्या दुहेरी स्वरूपाची किंमत खेळाडूला तिथेच मोजावी लागते.

२००४ मध्ये १३ टचडाउन केल्यावर गेट्सच्या हातात काय पडत होते, तर पुढच्या वर्षासाठी ३ लाख ८० हजार डॉलरचा एका वर्षाचा प्रस्ताव. ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या आणि तीन हंगाम पूर्ण न केलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाशी बोलणी करायची सोय नव्हती, त्यामुळे तो सही न करता घरी बसला. संघाने मुदत घातली होती. ती उलटून गेल्यावर त्याने दीर्घ मुदतीचा करार केला, तरी नियमानुसार त्याला २००५ चा पहिला सामना बाहेर बसून पाहावा लागला. डॅलसविरुद्धचा तो सामना चार्जर्स २८-२४ असा चार गुणांनी हरले. संघाने आपला हट्ट पूर्ण केला, आणि त्याची किंमत एका सामन्याने चुकवली, असे माझे मत आहे.

याच प्रश्नाचा पुढचा अध्याय जिमी ग्रॅहमचा आहे. तोही मायामी विद्यापीठात प्रामुख्याने बास्केटबॉल खेळलेला. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सने त्याच्यावर फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे त्या जागेच्या सर्वोच्च मानधनांवरून ठरणारी रक्कम देऊन त्याला एक वर्ष राखून ठेवले. वाइड रिसीव्हरसाठी ही रक्कम सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर होती आणि टाइट एंडसाठी सुमारे ७० लाख. ग्रॅहमचा दावा असा होता की मागच्या हंगामात सुमारे दोन-तृतीयांश चालींत तो रांगेला चिकटून उभाच नव्हता, तेव्हा त्याला रिसीव्हर मानावे. लवाद स्टीफन बरबँक यांनी दावा फेटाळला. टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा राहणारा खेळाडू हा टाइट एंडच, कारण पूर्वापार या जागेवरचे खेळाडू तिथेही उभे राहत आले आहेत, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. आता मिशन व्हॅली यांनी सांगितलेले आठवा. पन्नास लाख डॉलरच्या त्या फरकाचे मूळ कॉरिएल यांनी विन्स्लोला रांगेतून बाहेर काढले तिथे आहे. पुढे ग्रॅहमने चार वर्षांचा ४ कोटींचा करार केला, त्यामुळे त्याच्यासाठी फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

किनारपट्टी :

सर्वांचे आभार. तिसरा पंच यांचे निलंबनाविषयीचे म्हणणे मान्य आहे. तो उल्लेख मी करायला हवा होता. अडवण्याच्या बाबतीतही मी वाद घालणार नाही. ग्रोन्काउस्की दोन्ही कामांत अव्वल होता आणि एकाच सामन्यासाठी संघ निवडायचा असेल तर मीही बहुधा त्याचेच नाव लिहीन.

मात्र आकड्यांचा आणखी एक हिशेब मांडतो. गोन्झालेझने साधारण बारा झेलांमागे एक टचडाउन केले. गेट्सने आठ-सव्वाआठ झेलांमागे एक. गोन्झालेझही कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन्ही खेळ खेळला, त्यामुळे बास्केटबॉल खेळला की झाले, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे गोलरेषेजवळच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यापुरते मर्यादित आहे. ग्रोन्काउस्कीचे प्रमाण गेट्सपेक्षा सरस आहे, हेही खरे. पण तो सहा फूट सहा इंचांचा होता आणि लोकांच्या डोक्यावरून झेल घेत असे. गेट्स दोन इंचांनी बुटका, आणि त्याचे असंख्य झेल छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर, पाठीच्या आडोशाने घेतलेले आहेत. तिशीनंतर वेग गेला, तळपाय गेले, तरी ही एक विद्या शाबूत राहिली. १४ सप्टेंबर २०१४ रोजी सॅन डिएगोच्या मिशन व्हॅली भागातल्या मैदानात मी हजर होतो. ऊन इतके कडक होते की लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. समोर सिअ‍ॅटल, आदल्याच मोसमाचे विजेते, आणि त्यांचा बचाव त्या काळातला सर्वांत धास्तीचा. ३४ वर्षांच्या गेट्सने त्यांच्याविरुद्ध तीन टचडाउन केली आणि सामना ३०-२१ असा जिंकून दिला. माझ्या पुढच्या रांगेत सिअ‍ॅटलचे निळे सदरे घातलेले एक जोडपे होते. तिसऱ्या टचडाउननंतर त्यातले गृहस्थ उठून उभे राहिले, टोपी काढली आणि पुन्हा बसले. त्या हंगामात त्याने एकूण १२ टचडाउन केली.

अर्धविराम :

टोपी काढणारे गृहस्थ फार आवडले. टाइट एंडच्या टचडाउनचा विक्रम त्याने मोडला तो सामनाही आपण पाहिला का?

किनारपट्टी :

पाहिला, पण तोवर सॅन डिएगोत चार्जर्स उरले नव्हते. नव्या मैदानासाठीचा कराचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी फेटाळला आणि जानेवारीत संघ लॉस एंजेलिसला गेला. १ जानेवारी २०१७ रोजी, सॅन डिएगोतल्या अखेरच्या सामन्यात, गेट्सने गोन्झालेझच्या १११ टचडाउनशी बरोबरी केली होती. एक अधिक झाले असते तर विक्रम याच गावात मोडला असता. तो मोडला १७ सप्टेंबर २०१७ ला, कार्सनमधल्या जेमतेम सत्तावीस हजार आसनांच्या, मुळात सॉकरसाठी बांधलेल्या मैदानात, मायामीविरुद्ध. रिव्हर्सचा सात यार्डांचा पास होता. या संघाला मी पुन्हा पैसे देणार नाही अशी प्रतिज्ञा घरात सर्वांसमक्ष केली होती, त्यामुळे सामना दूरचित्रवाणीवर पाहिला. अखेरची किक हुकली आणि चार्जर्स १९-१७ असे हरले, हे मिशन व्हॅली यांना वेगळे सांगायला नकोच.

२०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत संघाने त्याला निरोप दिल्यासारखेच होते. मे महिन्यात त्याच्या जागी आलेल्या हंटर हेन्रीच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि सप्टेंबरमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, गेट्सला परत बोलावण्यात आले. त्या हंगामात २८ झेल आणि २ टचडाउन, ११५ वे आणि ११६ वे. जानेवारी २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध चार्जर्सचा ४१-२८ असा पराभव झाला तो त्याचा शेवटचा सामना, पण ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. निवृत्तीची घोषणा त्याने वर्षभराने, जानेवारी २०२० मध्ये केली. मधल्या वर्षात हेन्री बरा होऊन मैदानात आला होता, आणि मी दर आठवड्याला खेळाडूंच्या यादीत गेट्सचा ८५ क्रमांक शोधत असे.